मुंबईत मास मीडिया शिकायचंय? बारावीनंतर कुठून सुरुवात करायची ते सांगते

बीएमएम, मास मीडिया, बीएएमएमसी अशी तीन-तीन नावं कानावर येतात आणि पोरं तिथेच गोंधळतात, म्हणून आधी तेवढं सरळ करून घेऊ. मुंबई विद्यापीठाचा जुना कोर्स म्हणजे बॅचलर ऑफ मास मीडिया, बीएमएम. २०१९ च्या सुमारास त्याचं नाव बदलून बीए इन मल्टीमीडिया अँड मास कम्युनिकेशन झालं, तेच हे बीएएमएमसी, पण कँटीनमध्ये आणि घरी सगळे अजून बीएमएमच म्हणतात. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुठल्याही शाखेतून बारावी पास असलात तरी चालतं. बातमी, जाहिरात, सिनेमा, रेडिओ, कायदा, सगळ्याचं थोडं थोडं शिकवतात आणि शेवटच्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात यातली एक वाट धरायची, अशी त्याची आधीपासूनची रचना. नवीन शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय), मायनर (जोड विषय), क्रेडिट (विषयाच्या वजनाचे गुण), ऑन जॉब ट्रेनिंग हे शब्द आलेत, आणि ज्याला हवं त्याला चौथं ऑनर्सचं वर्षही आहे.

हे मी मुख्यतः त्या मुलामुलींसाठी लिहितेय ज्यांच्या घरात आधी कुणी या लाईनमध्ये नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न असतो. माझं सांगणं एकच आहे. हा कोर्स वर्गात बसून अर्धाच होतो, उरलेला अर्धा माणसांकडे जाऊन, विचारून, तपासून आणि लिहून काढून होतो, आणि तो अर्धा पहिल्या महिन्यापासून सुरू करता येतो, कुणाची परवानगी लागत नाही.

पायरी १: फॉर्म आणि कॉलेज

मुंबई विद्यापीठात प्रवेश घेताना दोन वेगळी कामं असतात. आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी, मग ज्या ज्या कॉलेजात जायचंय तिथला वेगळा फॉर्म. नोंदणी केली म्हणजे झालं असं समजून बरेच जण दुसरं काम विसरतात. त्यानंतर एकामागे एक मेरिट लिस्ट लागतात. पहिल्या लिस्टमध्ये नाव आलं नाही तर लगेच धीर सोडू नका, पुढच्या लिस्टला कट ऑफ बहुतेक ठिकाणी खाली येतो, पण फी भरायची मुदत अगदी थोडी असते तेव्हा पैसे आणि कागदपत्रं हाताशी पाहिजेत. काही स्वायत्त कॉलेजं स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात, त्यांच्या तारखा वेगळ्या, त्यामुळे बारावीची परीक्षा संपली की लगेच त्या वेबसाइट बघायला लागा.

फीबद्दल स्पष्ट बोलते. हा कोर्स बहुतेक ठिकाणी सेल्फ फायनान्स असतो, म्हणजे त्याला सरकारी अनुदान नसतं, त्यामुळे कॉलेज अनुदानित असलं तरी या कोर्सची फी साध्या बीएपेक्षा बरीच जास्त येते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीत हा कोर्स आणि तुमचा प्रवर्ग बसतो का, हे प्रवेश घेण्याआधी ऑफिसच्या खिडकीवर विचारा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला हे निकालाच्या दिवसांत काढायला गेलात तर रांगेत अडकाल, एप्रिलमध्येच काढून ठेवा.

कॉलेज निवडताना नावापेक्षा चार गोष्टी बघा आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गेटवर गाठून विचारा, माहितीपत्रकात त्या नसतात. शिकवायला प्रत्यक्ष काम करणारे पत्रकार, एडिटर, एजन्सीतले लोक येतात का. कॅमेरा, माईक, एडिटिंग रूम मुलांच्या हातात खरोखर देतात का, की कपाटात असतात. लेक्चर सकाळचे आहेत की दुपारचे, कारण सकाळचे असले तर दुपारनंतर इंटर्नशिप करता येते. आणि मराठीतून लिहिणाऱ्या मुलांना तिथे कसं वागवतात. विलेपार्ल्याच्या साठ्येसारख्या काही कॉलेजांनी हा कोर्स मराठी माध्यमातूनही चालवलाय, तुम्हाला तसा हवा असेल तर यंदा ती तुकडी आहे का हे फोन करून विचारून घ्या.

प्रवासाचा हिशोब मात्र प्रामाणिकपणे करा. बदलापूरहून किंवा विरारहून रोज चर्चगेट-सीएसएमटी म्हणजे दिवसातले चार तास गेले, आणि या कोर्सला ते तासच सगळ्यात जास्त लागतात. ठाणे, डोंबिवली, वसईकडचं बरं कॉलेज घेऊन शनिवार-रविवार शहरात फिरणारा मुलगा मला जास्त पुढे गेलेला दिसतो. जिथे जाल तिथे कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे कन्सेशनचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात घ्या आणि पास काढा.

पायरी २: भाषेची भीती काढा, पण भाषेवर काम करा

मराठी शाळेतून आलेल्या मुलांना पहिले दोन महिने जड जातात हे खरंय. लेक्चर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, शेजारी बसलेली मुलगी अस्खलित बोलतेय आणि आपण गप्प. पण वर्गात गप्प बसलेल्यांपैकीच कितीतरी जण पुढे मराठी चॅनेलला, पेपरला, जाहिरात एजन्सीत नीट स्थिरावलेत. कारण साधं आहे. मुंबईत मराठी चॅनेल आहेत, मराठी पेपर आहेत, डबिंग आहे, सबटायटल आहेत, आणि मराठीत नीट लिहिणारी तरुण माणसं शोधावी लागतात. जाहिरातीतच बघा, होर्डिंगवरची मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, वाचली की ती आधी हिंदीत सुचलीय हे लगेच कळतं, क्रियापद भलत्याच जागी असतं. जो मराठीत विचार करून मराठीत ओळ लिहितो त्याला काम आहे.

त्यासाठी दोन सवयी लावा. पहिली, मराठी टायपिंग. फोनवर बोलून टाइप करणं वेगळं आणि डेस्कवर बसून डेडलाइनच्या आत मजकूर लिहून देणं वेगळं, त्यामुळे कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, रोज थोडा वेळ बसलात तर काही आठवड्यांत बोटं बसतात. दुसरी सवय म्हणजे रोज एकच बातमी तीन पेपरांत वाचायची, दोन मराठी, एक इंग्रजी. लोकसत्ता आणि महाराष्ट्र टाइम्सने इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, काय घेतलं, मथळ्यात काय टाकलं, कुणाचं म्हणणं आधी आलं, कुणाचं आलंच नाही, हे वहीत लिहायचं. इंग्रजी पण आपोआप सुधारतं, कारण विषय तुम्हाला आधीच माहीत असतो. न कळलेला शब्द वर्गात विचारायला लाजू नका, शेजारच्या तिघांनाही तो कळलेला नसतो.

पायरी ३: थिअरी पाठ करू नका, लोकलमध्ये लावून बघा

सगळ्यात जास्त तक्रार थिअरीची असते, की याचा उपयोग काय. माझ्या मते पहिल्या वर्षातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे, फक्त उदाहरणं परदेशातली असतात म्हणून ती परकी वाटते. ती आपल्याकडची करून घ्या.

हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४८ मध्ये पाच प्रश्न मांडले, कोण बोलतंय, काय बोलतंय, कुठल्या माध्यमातून, कुणाशी, आणि परिणाम काय. आता रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना घ्या. बोलतेय रेल्वे, पेपरमधल्या चौकटीतून, स्टेशनवरच्या अनाउन्समेंटमधून आणि वॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोतून. ज्यांना कळायला हवं त्यात घरकामाला जाणाऱ्या बायका आहेत, हॉस्पिटलमधल्या आया आहेत, परीक्षेला जाणारी मुलं आहेत, आणि यातल्या कुणापर्यंत कुठलं माध्यम पोचतं हे शोधायला निघालात की एक पूर्ण प्रोजेक्ट तयार होतो. शॅनन आणि वीव्हरच्या मॉडेलमध्ये नॉइज नावाची गोष्ट येते, संदेश पोचताना मध्ये जे बिघडवतं ते. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर उभं राहून प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट ऐकायचा प्रयत्न करा, व्याख्या पाठ करायची गरज उरणार नाही.

१९५५ मध्ये कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड यांनी सांगितलं की बातमी थेट माध्यमातून सगळ्यांवर जाऊन आदळत नाही, मध्ये एक माणूस असतो ज्याचं बाकीचे ऐकतात. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असा एक काका किंवा काकू नक्की असतात, ज्यांनी फॉरवर्ड केलं की लोक विश्वास ठेवतात, अफवा असली तरी. मॅककोम्ब्स आणि शॉ यांचा १९७२ चा अजेंडा सेटिंगचा सिद्धांत सांगतो की माध्यमं तुम्हाला काय मत बनवायचं यापेक्षा कशावर मत बनवायचं हे जास्त ठरवतात. पावसाळ्यात एक आठवडाभर पहिलं पान बघा, पाणी कुठल्या भागात तुंबलं तर मोठा फोटो येतो आणि कुठल्या भागात तुंबलं तर आतल्या पानावर चार ओळी.

आणि ब्रिटनमधला अभ्यासक स्टुअर्ट हॉल. त्याचं एन्कोडिंग-डिकोडिंग, १९७३ चं, मला सगळ्यात जवळचं वाटतं. पाठवणारा एक अर्थ घालून पाठवतो पण घेणारा आपल्या जागेवरून वाचतो, कधी तो अर्थ जसाच्या तसा मान्य करतो, कधी थोडा वाकवतो, कधी पूर्ण नाकारतो. लोअर परळला टॉवरच्या जाहिरातीत अपर वरळी असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ती जाहिरात घर घेणारा एका प्रकारे वाचतो, आणि ज्याचे आजोबा १९८२ च्या गिरणी संपात होते तो त्याच गल्लीतला मुलगा वेगळ्या प्रकारे वाचतो. दोघांशी बोला, दोघांचं लिहून घ्या. परीक्षेच्या पेपरात असं उदाहरण लिहिणारी मुलं कमी असतात आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

पायरी ४: फोर्टमध्ये एक दिवस चाला

पत्रकारितेचा इतिहास नोट्समधून वाचायच्या आधी ही शहरातली जागा पायाखालून घाला. सीएसएमटीला उतरा, समोर महापालिकेची इमारत, तिथून जवळच आझाद मैदानाच्या बाजूला मुंबई मराठी पत्रकार संघ, आणि मग चालत हॉर्निमन सर्कल. हे नाव बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्यावरून आलंय. त्याच परिसरात मुंबई समाचारचं ऑफिस आहे, १८२२ साली सुरू झालेलं गुजराती वर्तमानपत्र, आजही निघतं. समोर टाउन हॉलच्या पायऱ्या आणि एशियाटिक सोसायटीची लायब्ररी.

आपल्या भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण, ६ जानेवारी १८३२ ला याच मुंबईत निघालं, म्हणून त्या दिवशी महाराष्ट्रात पत्रकार दिन असतो. दर्पण मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलं जायचं, शेजारी शेजारी दोन रकाने. दोन भाषांत काम करायचं हे मुंबईच्या मराठी पत्रकारितेत पहिल्या अंकापासून आहे. मग एखाद्या दिवशी परळला जा. बाबासाहेब आंबेडकरांचं मूकनायक ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालं ते परळच्या पोयबावडीतून. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ मध्ये, आचार्य अत्र्यांनी दैनिक मराठा काढलं. ही तीन पत्रं कुणासाठी निघाली, पैसे कुठून आले, वाचक कोण होता, एवढं जरी नीट शोधलंत तरी माध्यमांच्या मालकीचा अख्खा धडा तुम्हाला वेगळा शिकावा लागणार नाही. शोधायला नायगाव-दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं.

पायरी ५: स्वतःचा एक बीट धरा

माझ्या मते या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, बाकी काही केलं नाही तरी हे करा. बीट म्हणजे बातमीदार सतत लक्ष ठेवतो ते त्याचं ठरलेलं क्षेत्र. घरापासून पायी जाता येईल अशी एक जागा निवडा. मासळी बाजार, रिक्षा स्टँड, पालिकेची शाळा, एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) बिल्डिंग, नाका कामगार उभे राहतात तो नाका, काहीही. दर आठवड्याला एकदा तिथे जायचं आणि सेमिस्टर संपेपर्यंत तीच जागा सोडायची नाही.

पहिल्या वेळी काही विचारू नका, नुसतं बघा आणि वहीत टिपा, किती वाजता गर्दी, कोण येतं, कशाला किती पैसे. दुसऱ्या वेळेपासून बोला. मी मास मीडियाची विद्यार्थिनी आहे, हे मी लिहिणार आहे, तुमचं नाव टाकू का, हे आधी सांगायचं आणि विचारायचं, कॉलेजचं आयकार्ड दाखवायचं. नाव नीट कसं लिहायचं तेही विचारा, आडनाव चुकलं की त्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास गेला. मावशी, काका, भाऊ म्हणून बोलायला सुरुवात करा, पण लिहिताना पूर्ण नाव लिहा. प्रश्न छोटे ठेवा. तुम्हाला काय समस्या आहेत असं विचारलं की लोक भाषण देतात, आज सकाळी कितीला उठलात असं विचारलं की गोष्ट सांगतात.

मग कागद शोधा. माणसाने सांगितलेलं आणि कागदावर असलेलं जुळतंय का, हे बघणं म्हणजेच पत्रकारिता. मुंबईत पालिकेचे वॉर्ड अक्षरांनी ओळखले जातात, जी नॉर्थ म्हणजे दादर, माहीम, धारावी, एफ साउथ म्हणजे परळचा भाग, तुमचा वॉर्ड कुठला आणि त्याचं ऑफिस कुठे हे माहीत करून घ्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात आणि साधारण ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा असतो, तेव्हा मुद्देसूद विचारा. या नाक्यावरच्या सार्वजनिक शौचालयाच्या देखभालीवर मागच्या तीन वर्षांत किती खर्च झाला, असा प्रश्न. असं का होतं असा प्रश्न विचारलात तर उत्तर येणार नाही, कागदावर असलेलीच माहिती मागता येते.

आलेलं सगळं घेऊन तीनशे शब्द लिहा. तीनशेच. मग ते मोठ्याने वाचा, जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा, प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला हे पेन्सिलने लिहा, ज्याच्यापुढे काही लिहिता आलं नाही तो आकडा काढून टाका.

कायद्याच्या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करायची नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये तो गुन्हा आहे, आणि मूल असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ मध्येही. नाव लिहिलं नाही पण शाळा, बिल्डिंग, वडिलांचा धंदा लिहिला, तरी ओळख उघड होते. हे इन्स्टाच्या रीललाही लागू आहे. आणि रेल्वे स्टेशनवर शूट करायला परवानगी लागते, कॉलेजचं पत्र घेऊन आधी अर्ज करा.

पायरी ६: सामान

महागडा कॅमेरा घेऊ नका. घरच्यांनी दिलेले पैसे आधी बऱ्या कॉलर माईकवर घाला, कारण हलणारं चित्र लोक सहन करतात, न ऐकू येणारा बाईट, म्हणजे कॅमेऱ्यावर कुणी बोललेला तुकडा, करत नाहीत. शूट करताना पंखा बंद करा, खिडकी लावा, हेडफोन लावून ऐका. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, आवाजाला ऑडॅसिटी. मूळ फायली दोन ठिकाणी ठेवा. बस.

पायरी ७: इंटर्नशिप

पहिलं वर्ष संपताना तुमच्याकडे दाखवण्यासारखी पाच कामं असतील, तर मेल लिहायला हरकत नाही. मेल छोटा ठेवा, मी कोण, मला कुठल्या डेस्कवर शिकायचंय, कधीपासून कधीपर्यंत येऊ शकते, आणि ही पाच कामांची लिंक. नुसता बायोडेटा पाठवला की तो उघडतही नाहीत. चॅनेलला पाठवत असाल तर ते चॅनेल आठवडाभर बघा, असाइनमेंट डेस्क (बातमीदारांना कामं वाटणारा) काय करतो, आउटपुट (बातमी पडद्यावर आणणारा) काय करतो, पॅकेज (बाईट आणि आवाज जोडून केलेली पूर्ण बातमी) आणि व्हीओ (दृश्यांवर वाचलेला मजकूर) यात फरक काय, एवढं माहीत असावं. एजन्सीत क्लायंट सर्व्हिसिंग (जाहिरात देणाऱ्या कंपनीशी बोलणं सांभाळणं) की कॉपी हे आधी ठरवा, दोन्ही हवंय म्हणालात तर काहीच हवं नाही असं वाटतं.

पैशांबद्दल विचारायला घाबरू नका. सुरुवातीला कित्येक ठिकाणी मानधन देत नाहीत, ते चुकीचंच आहे असं माझं मत आहे, पण निदान प्रवासखर्च आणि शेवटी अनुभवाचं पत्र मिळेल का हे पहिल्या भेटीत विचारून घ्या, आणि कामाला तुमचं नाव लागेल का तेही. इंटर्नशिपसाठी जो उलट तुमच्याकडून पैसे मागतो तिथे जाऊ नका. उशिराची शिफ्ट असेल तर घरी सोडायला गाडी आहे का हे मुलींनीच काय मुलांनीही विचारावं, शेवटची लोकल चुकली की रात्र स्टेशनवर जाते. घरी आईबाबांना ऑफिसचा पत्ता आणि वरिष्ठांचा नंबर देऊन ठेवा, त्यांची काळजीही कमी होते आणि तुमची भांडणंही.

मधल्या काळात बघत राहा

प्रभात चित्र मंडळ ही मुंबईतली १९६८ पासूनची फिल्म सोसायटी, तिचं सदस्यत्व घ्या. डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्मचा मिफ महोत्सव एक वर्षाआड होतो, तिथे पूर्ण दिवस बसा. पेडर रोडला भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. कॉलेजच्या एकांकिकेत काम करा, पडद्यामागे केलंत तरी चालेल, लाईट आणि संगीत सांभाळणाऱ्याला टायमिंग कळतं आणि एडिटिंगला तेच लागतं. २५ जानेवारीच्या रात्री सवाई एकांकिका स्पर्धा बघायला जा, प्रेक्षक कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात ते बघा.

पायरी ८: पुढचं शिक्षण

सगळ्यांनी लगेच मास्टर्स करावं असं मी म्हणणार नाही, एखादं वर्ष काम करून मग गेलात तर काय शिकायचंय हे नेमकं कळतं. मुंबईत झेवियर्समधलं झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे, १९६९ पासूनचं, मुलींसाठी सोफियाचा एक वर्षाचा सोशल कम्युनिकेशन्स मीडियाचा कोर्स आहे, देवनारला टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, मीडिया अँड कल्चरल स्टडीजचं एमए आहे, आणि विद्यापीठाचा स्वतःचा संज्ञापन व पत्रकारिता विभाग आहे. बाहेर जायची तयारी असेल तर पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, आणि मराठी पत्रकारितेसाठी आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) अमरावती केंद्र. टिससाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बाकीच्यांच्या पद्धती वेगवेगळ्या. यातल्या बऱ्याच ठिकाणचे फॉर्म शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा व्हायच्या आधीच निघतात आणि बंदही होतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली की एका कागदावर सगळ्यांच्या तारखा लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा.